मुसाफिराची नान

१

सकाळचं माझं सगळं ठरलेलं असतं. आधी अंगण झाडायचं, मग नमाज, मग चहा. त्या हिवाळ्यात गॅस येत नव्हता, म्हणून आम्ही सासूबाईंच्या वेळची संदली पुन्हा काढली होती. जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, वर बुटकं मेज, मेजावर रजई, आणि सगळ्या घराचे पाय त्या रजईखाली. मेजावर जेवणाच्या कापडाचा दस्तरखान अंथरायचा आणि मधोमध नान ठेवायची, भाजण्याआधी उमटवलेल्या ठशाची बाजू वर. तोंडात बिस्मिल्ला असतं, मनात दुसरंच काहीतरी. लग्न होऊन कोकंदला आल्यापासून माझे हात हे काम मला न विचारता करतात.

त्या सकाळी किटली घेऊन आत आले, तर नान पालथी होती.

नान पालथी ठेवत नाहीत. का, ते कुणी सांगत बसत नाही. रांगत्या पोरालाही ते कळतं. मी किटली खाली ठेवली, नान उचलून ओठांना आणि कपाळाला लावली, सरळ ठेवली. म्हटलं, घाईत माझ्याच हातून झालं असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी लेकीला हाक मारली. सुम्बुल पिठाच्या हातांनी आली, बघितलं आणि मागे सरली.

"आई, मी नाही हं. मला सासरी जायचंय, नरकात नाही."

मग एका सकाळी मी नान ठेवली आणि दाराच्या पडद्याआड उभी राहिले. हे संदलीपाशी बसले होते, डोळे फोनवर. ह्यांचा डावा हात रजईखालून निघाला, दस्तरखानावरून सरकत गेला, चाचपडत नानपर्यंत पोचला. झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तशी त्यानं नान पालथी केली. डोळे फोनवरून हललेसुद्धा नाहीत.

"अहो!"

"हं?"

"नान."

ह्यांनी नानकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हात शेजाऱ्याचा असावा तसं पाहिलं. मग हसून म्हणाले, "राहू दे तशीच. देश सरळ झाला की तीही सरळ होईल."

२

ह्यांचं नाव बुरहान. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण लिहायला बसलेय तर एकदा घेते. हे गॅसचे हीटर दुरुस्त करतात. गॅसच नसेल तर हीटर बिघडणार कसला? हत्यारांची पिशवी खुंटीवर लटकून धूळ खात होती. टीव्हीवर रोज सांगायचे, सगळं सुरळीत आहे, आणि कारंजी दाखवायचे. इकडे आमच्या नळात बर्फ.

मग चहाखान्यात कुणीतरी ह्यांना फोनवर एक चॅनल दाखवलं. नाव 'उलटी नान'. ते ॲप असं, की तिथे कुणी काही खोडत नाही, कुणी कुणाला अडवत नाही. लोक आपल्या गोठलेल्या नळांचे फोटो टाकायचे, बुलडोझर लागलेल्या गल्ल्यांचे, मेणबत्तीच्या उजेडात झालेल्या बाळंतपणाचे. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं. आपलं थंड घर खरोखरच थंड आहे, असं कुणी मोठ्यानं म्हटलं की निम्मी थंडी तिथेच जाते.

तिथे नाना तऱ्हेचे लोक होते. कुणाला खानाचं राज्य परत हवं, कुणाला नवा पक्ष काढायचा, कुणी नुसतंच शिव्या द्यायला आलेलं. खूण सगळ्यांची एकच, पालथ्या नानचा फोटो. आणि सगळे ज्याचं ऐकत असा एक जण होता. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, चेहरा कुणी पाहिला नव्हता. स्वतःला मुसाफिर म्हणवायचा आणि फक्त आवाज पाठवायचा. घोगरा आवाज, घशात कोरडा घास अडकल्यासारखा. दर वाक्याआधी तो आवंढा गिळायचा.

आधी तो गॅसबद्दल बोलायचा. मग बोलायला लागला, शेजाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मग, दुसऱ्याच्या हातचं खाऊ नका. मग एक दिवस म्हणाला, "ज्या घरात बसून तुम्ही मला ऐकताय, ते तुमचं घर नाही. निघा."

आणि येत्या गुरुवारी सुम्बुलची नान मोडायची होती. सोयरीक ठरली की दोन्हीकडचे बाप एकच नान चार हातांनी धरून मोडतात, तेव्हा ती पक्की होते. मुलीचा बाप दस्तरखानावर नसेल, तर ती नान मोडायची कुणी?

३

दुपारी मी रजईला टाके घालत होते. हे शेजारी फोन लावून बसलेले. मुसाफिर काहीतरी जमिनीचं सांगत होता, माझं लक्ष नव्हतं. त्याच्या आवाजामागे, लांब कुठेतरी, एक पाखरू बोललं.

पिट-पि-पिलिक.

सुई माझ्या बोटात गेली.

आमच्याकडे लावा पक्षी पाळतात, वाळल्या भोपळ्याच्या पिंजऱ्यात, त्याच्या बोलासाठी. सगळे लावे "पिट-पिलिक" म्हणतात. आमचा मात्र मध्ये अडखळायचा. सासूबाई म्हणायच्या, "माझा मुल्ला तोतरा आहे, पण कुराण पुरं करतो." महामारीच्या साली सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ मुल्लाही गेला. अंजिराच्या झाडाखाली मी स्वतः त्याला पुरलं. रिकामा भोपळा अजून बैठकीच्या खोलीत टांगलेला आहे.

"अहो, ते परत लावा बरं."

"तुला कधीपासून राजकारण आवडायला लागलं?"

"लावा हो."

परत लावलं. पिट-पि-पिलिक. तिथेच अडखळला, जिथे मुल्ला अडखळायचा.

"हा आपला मुल्ला आहे."

हे हसले. "अगं, मुसाफिर परदेशात असतो. पोलंडात का कुठं."

"पोलंडात लावे पाळतात?"

"उझबेक माणूस जिथे जाईल तिथे लावा नेईल. आणि लावे सगळे सारखेच ओरडतात."

"सगळे तोतरे असतात?"

ह्यांनी फोनचा आवाज वाढवला. मी मनाला समजावलं, की जगात दोन तोतरी माणसं असतात, मग दोन तोतरी पाखरं का नसावीत? खुदाच्या कारखान्यात साचे पुन्हा वापरत असतील. टाका घातला, मान वर केली आणि तेव्हा मला दुसरं दिसलं. ह्यांचे ओठ हलत होते. मुसाफिराबरोबर नव्हे. त्याच्या आधी. हे मुक्यानं एक वाक्य म्हणायचे, आवंढा गिळायचे, आणि मग फोनमधून आवंढा आणि तेच वाक्य यायचं.

मी दिवसभर बोटातून रक्त का येतंय ते विसरून गेले.

४

रविवारी मी विषय काढला. शेवयांचा पुलाव ह्यांना आवडत नाही, गाजराचा आवडतो. म्हणून गाजराचा केला. पोट भरल्यावर माणूस ऐकतो म्हणतात.

ह्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. हल्ली माझ्या हातचंही ह्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"गुरुवारी पाहुणे येणार," मी म्हटलं. "तुमचा पांढरा सदरा धुऊन ठेवलाय."

"जिल्ह्याच्या हाकिमाची गाडी हाकणाऱ्या, तिची चाकं धुणाऱ्याबरोबर मी नान मोडू?"

"चाकं धुतात, खिसे नाही धूत कुणाचे. आणि गेल्या महिन्यात कोळशाचं पोतं कुणी पाठवलं? ह्याच व्याह्यांनी."

"मी गप्प बसावं म्हणूनच पाठवलं."

"थंडी वाजत होती म्हणून पाठवलं हो. प्रत्येक पोत्यात डाव नसतो, कधीकधी नुसता कोळसा असतो."

एरवी अशा बोलण्यावर हे हसले असते. आता ह्यांनी दाराकडे बघितलं. "मंगळवारी गाडी येणार आहे. असरच्या, दुपारच्या नमाजानंतर. आमचे सगळे तिकडे जमणार."

"तिकडे म्हणजे?"

"मिठाच्या तळ्यापलीकडे. माळावर."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर."

मी हळूच विचारलं, "आणि परत कधी येणार?"

ह्या प्रश्नानं हे खरोखरच गोंधळले. भांडणातलं तोंड नव्हतं ते. अजून चहा झाला नाही, असं जितक्या साधेपणानं म्हणावं, तितक्या साधेपणानं म्हणाले, "परत? अगं, मी अजून आलोच कुठं आहे?"

आणि ह्यांच्या खिशातला फोन, ज्याला कुणी हात लावला नव्हता, आवंढा गिळून म्हणाला, "मी अजून आलोच कुठं आहे?"

मी स्वतःला सांगितलं, चुकून कळ दाबली गेली असेल. जुनाच मेसेज असेल. सुम्बुल स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, बाबांना दोनदा काय बोलायला लावतेस?"

तिला दोन्ही आवाज एकाच माणसाचे वाटले होते.

५

मंगळवार बीबीचा. मंगळवारच्या बीबीचं व्रत मी सासूबाईंकडून घेतलंय. अडलेल्यांची, पोरक्यांची ती आई आहे. फक्त बायका जमतात. पिठाची पेज शिजते, परातीत पीठ सपाट पसरून त्यावर पांढरं कापड घालतात, शेजारी कापसाच्या वाती लावतात आणि दुआ मागतात. शेवटी कापड काढायचं. बीबी येऊन गेली असेल तर पिठावर खूण असते.

त्या मंगळवारी मी नवस बोलले: माझा माणूस गुरुवारच्या दस्तरखानावर बसू दे. वर्षभर दर मंगळवारी पेज शिजवीन.

दुआ सांगायला शेजारच्या कुमरी आपा होत्या. जिभेला हाड नाही, नवऱ्याचं नावसुद्धा घेतात, पण मनात मळ नाही. बसता बसता म्हणाल्या, "दार लावा गं. पुरुषानं डोकावलं तर आंधळा होतो म्हणतात. आमच्या नोर्मतची काळजी नाही, त्यांना फोनपलीकडचं आधीच दिसत नाही."

बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरले.

"काय गं होसियत? तुझ्याकडेही तो मुसाफिरच का?" कुमरी आपांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मेल्याचा आवाज ऐकलास? थेट आमच्या नोर्मतसारखा. मी तर एकदा ओ दिली."

"काहीतरीच, आपा. तो आवाज तर ह्यांच्यासारखा आहे. हुबेहूब."

चुलीपाशी झुलैखा पेज ढवळत होती, कोपऱ्यावरच्या घरातली सून. तिचा पळा थांबला. "तुम्ही दोघी कुणाचं बोलताय? तो तर आमच्या मोठ्या दिरांचा आवाज आहे."

पेज बुडबुडत राहिली.

कुमरी आपांनी घाईघाईनं दुआ पुरी केली आणि कापड उचललं. एरवी बोटांसारखा एखादा ओरखडा असतो. त्या दिवशी पिठावर पाखराची पावलं होती. नाजूक, तीन बोटांची, परातीच्या काठापासून मधोमध चालत आलेली. आणि दर थोड्या अंतरावर एक पाऊल जास्तीचं, चालता चालता अडखळल्यासारखं.

"चिमणी आली असेल," कुणीतरी म्हणालं.

"कापडाखाली?" झुलैखा म्हणाली.

कुमरी आपा पिठाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात, पहिल्यांदाच न हसता म्हणाल्या, "बायांनो, आपले पुरुष रशियाहून परत आले ते सगळे एकाच साली. आठवतंय? महामारीत सरहद्दी बंद झाल्या तेव्हा. पत्र्याच्या खोल्यांत डांबून ठेवले, मग एकेकाला आणून सोडलं. त्यांच्या नान कुणी त्यांना चारल्या का?"

आमच्यात लांब निघालेला माणूस नानचा एक घास तोडून जातो. उरलेली नान घरच्यांनी टांगून ठेवायची. ती त्याला परत बोलावते. आला, की त्यानंच ती संपवायची. मग प्रवास संपला. हे रशियाला बांधकामावर निघाले तेव्हा मी ह्यांचे मोजे हिरव्या दोऱ्यानं रफू करत होते, दुसरा दोरा मिळेना म्हणून. ह्यांनी उभ्याउभ्या घास तोडला आणि नान सासूबाईंच्या हातात दिली. ह्यांचं ते सामान, मोज्यांसकट, त्या पत्र्याच्या खोल्यांत हरवलं. हे घरी पोचले त्याच्या आधीच सासूबाईंचा जनाजा उठला होता.

"फवारणीवाले आले ना तेव्हा," कुमरी आपा पुटपुटल्या, "म्हणाले, बाहेर गेलेल्याचं उष्टं घरात ठेवू नका. मी भीतीनं आमची कोळशाच्या पोत्यांमागे ढकलली. मग कोण बघतंय! तुझी कुठे आहे?"

"सासूबाईंनी लपवली होती," मी म्हटलं. "कुठे ते सांगायला त्या राहिल्या नाहीत."

६

बैठकीची खोली आम्ही हिवाळ्यात बंद ठेवतो. आत जाताच तोंडातून वाफ निघाली. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. सगळं जिथल्या तिथे. लाकडी पेटी, पेटीवर छतापर्यंत रचलेल्या रजया, खिडकीत भोपळ्याचा रिकामा पिंजरा.

मी कोनाडे बघितले, पेटी बघितली. कपाटावर हात फिरवला, हाताला धूळ आली. बाहेर मशिदीत असरची अजान झाली. मला रडू यायला लागलं.

पिट-पि-पिलिक.

मी पिंजऱ्याकडे बघितलं. तो स्थिर होता. आत वाळलेलं गवत होतं.

फोन असेल, मी म्हटलं. पलीकडच्या खोलीत हे फोन लावून बसले असतील. मी कान दिला. पलीकडून मुसाफिर घोगऱ्या आवाजात बोलत होता, ते वेगळं ऐकू येत होतं. हा आवाज इथला होता. रजयांच्या आतून, दबलेला, उबदार.

मी बिस्मिल्ला म्हटलं आणि रजया ओढायला लागले. एकेक रजई जमिनीवर पडत होती. कापूस आणि कडुलिंबासारखा कसलातरी कडू वास येत होता. सगळ्यात मागे, भिंतीच्या अंगाला, एक खिळा होता. खिळ्याला सासूबाईंचा फुलांचा रुमाल. फवारणीवाल्यांनी सगळं घर उलथंपालथं केलं, पण बाईच्या रुखवताच्या रजया कोण उपसणार? म्हातारी हुशार होती.

रुमालात नान होती. सरळ, ठसा वर. इतकी कडक की नख लावलं तर वाजली. इतक्या वर्षांत तिला मुंगी लागली नव्हती.

फक्त जिथून घास तोडला होता ती कड ओली होती.

भिंतीला ओल असते, मी स्वतःला म्हटलं. हिवाळ्यात सगळ्याच भिंतींना असते. आणि बोट लावलं. ओल गार नव्हती. नुकताच तोंडातून काढलेला घास जितका कोमट असतो, तितकी ती कोमट होती. दातांच्या खुणा मऊ होत्या. माझ्या बोटाखाली त्या जरा दबल्या.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

७

हे उठायच्या बेतात होते. अंगात कोट होता, पाय अजून रजईखाली. दस्तरखानावर सकाळची नान पालथी, शेजारी फोन. मुसाफिर बोलत होता, "निघा. मागे बघू नका. तिथे तुमचं कुणी नाही."

मी वाद घातला नाही. इतके दिवस वाद घालून काय मिळालं होतं? मी पालथी नान सरळ केली. तिच्या शेजारी सासूबाईंचा रुमाल ठेवला आणि सोडला. वाटीत गरम चहा ओतला.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "मी अडवत नाही. पण आईनं ठेवलेली नान आहे. तेवढी खाऊन जा."

ह्यांनी नानकडे पाहिलं. भोंगा पुन्हा वाजला. सुम्बुल दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातलं फडकं थेंबथेंब गळत होतं.

"ही आईनं..." हे म्हणाले.

"रजयांच्या मागे लपवली होती. तुमच्यासाठी."

मुसाफिर एकदम थांबला. मग फोनमधून आवाज आला, इतका जवळून, की मी मागे वळून बघितलं. "खाऊ नकोस."

सगळ्यांना तो "तुम्ही" म्हणायचा. "तू" पहिल्यांदाच.

मी तुम्हाला सांगते, देश बदलायला निघालेला माणूस बायकोचं ऐकणार नाही, हाकिमाचं ऐकणार नाही. पण आईनं ठेवलेली नान नाकारायला आमच्या माणसाचा हात धजत नाही. ह्यांनी एक तुकडा मोडला. तो काडकन वाजला. चहात बुडवला, तोंडात घातला.

"खाऊ नको..." फोन म्हणाला, पण शब्द भरल्या तोंडानं बोलल्यासारखा फुगला.

"बाबा, अजून घ्या," सुम्बुल म्हणाली. तिनं किटली उचलली. "चहा अजून ओतते मी."

हे खात राहिले. आधी सावकाश, मग उपाशी माणसासारखे. जसजसे हे गिळत होते तसतसा पलीकडचा आवाज जड होत गेला. शब्द राहिले नाहीत, नुसतं चावणं राहिलं. दोन तोंडं एकच घास चावत होती, एक माझ्यासमोर आणि एक फोनमध्ये. मग दोन्हीकडे एकदमच आवंढा गिळला गेला. शेवटची, ती ओली कड ह्यांनी बोटांत धरली.

त्या क्षणी मला उंबऱ्यापाशी हालचाल जाणवली.

जोडे काढायच्या जागी कुणीतरी वाकलं होतं. आमच्याकडे पाठ. दार उघडं, बाहेर बर्फाचा इतका उजेड, की ते नुसतं काळं दिसत होतं. बूट ओढून काढायची माणसाची जी धडपड असते, एका पायावर उभं राहून, भिंतीला हात लावून, ती चालली होती. मी चेहरा बघितला नाही. बघवला नसता. बूट निघाला आणि टाच दिसली.

टाचेवर हिरव्या दोऱ्याची रफू होती.

ह्यांनी शेवटचा घास गिळला. फोन गप्प झाला. उंबऱ्यात कुणी नव्हतं, दार वाऱ्यानं हलत होतं. गाडीनं एकदा शेवटचा भोंगा दिला आणि ती निघून गेली.

हे इकडेतिकडे बघत होते. छताकडे, भिंतींकडे, सुम्बुलकडे. तिच्याकडे बघून म्हणाले, "केवढी झालीस गं!" आणि मग मला म्हणाले, "अगं, आईला कुठे पुरलंय? मला नेलंस का कधी?"

नेलं होतं. कितीदा तरी नेलं होतं. मी म्हटलं, "उद्या जाऊ हं." आणि ह्यांचे पाय नीट झाकावेत म्हणून रजई उचलली.

पाय सकाळपासून निखाऱ्यांवर होते. पण मोजे चिंब भिजलेले होते, आणि बोटांच्या फटीत अजून बर्फ होता.

८

गुरुवारी व्याही आले. पांढरा सदरा घालून हे दस्तरखानापाशी मधोमध बसले. नान धरताना व्याह्यांना म्हणाले, "गाडी चालवताना खड्डा आला तर हाकिमाला सांगत जा, हा माझ्या व्याह्याच्या गल्लीतला आहे."

व्याही म्हणाले, "सांगितलं तर मला उतरवतील आणि खड्ड्यातच ठेवतील."

"मग आम्ही आहोतच काढायला."

चार हातांत नान मोडली. असा गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. सुम्बुल पडद्याआड रडली, मी सगळ्यांसमोर रडले. मंगळवारच्या पेजेचं पातेलं आता घरातलं सगळ्यात चकचकीत भांडं आहे.

गॅसचं म्हणाल तर अजून रडतखडतच येतो. हे गप्प बसत नाहीत. गल्लीतल्या बायाबापड्यांना घेऊन कचेरीत जातात आणि स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आवाजात भांडतात. परवा तिथल्या दोघा शिपायांनी ह्यांना हाकलून दिलं. हे जेवून पुन्हा गेले. मला अभिमान वाटतो.

कुमरी आपांनी कोळशाच्या पोत्यांमागून आपली नान काढली. काळीकुट्ट झाली होती. नोर्मतभाई म्हणाले, "ही मी खाऊ?" आपा म्हणाल्या, "माझा स्वयंपाक इतकी वर्षं खाताय, ही काय अवघड आहे!" झुलैखाच्या दिरांची भुसा ठेवायच्या खोलीत सापडली. आता मंगळवारी दुआ झाली की आम्ही बायका उठतो आणि ज्या घरातली नान पालथी आहे त्या घरात जातो. पेट्या उघडतो, रजया उपसतो. पुरुष चिडतात. आम्ही म्हणतो, वसंताची साफसफाई आहे. आमच्या गल्लीत आता सगळ्या नान सरळ आहेत. हा बीबीचा विजय, आणि तिच्या पाठोपाठ थोडा आमचाही.

'उलटी नान' मात्र चालू आहे. मागच्या आठवड्यात मी सुम्बुलच्या फोनवर ते लावून बघितलं. मुसाफिर बोलत होता. तोच आवंढा, तोच कोरडा घास. आवाज मला कुणाचाच वाटला नाही. पण त्याच्यामागे, लांब, कुठल्यातरी किटलीचं झाकण उकळत्या पाण्यावर थडथडत होतं. एका बाजूनं ठेचलेलं असावं, कारण दर खेपेला ते जरा उशिरा पडत होतं. त्या झाकणामागे कुणी बाई पाळण्यातल्या बाळाला काहीतरी म्हणत होती.

मला ते झाकण ओळखीचं नाही. कुणाच्या तरी ओळखीचं आहे.

जिला ते ओळखू येईल, तिनं रडत बसू नये. तिनं आधी दस्तरखानावरची नान सरळ करावी, मग रजयांच्या मागे बघावं, कोळशाच्या पोत्यांमागे बघावं. जिथे म्हाताऱ्या माणसांनी काहीही लपवलं असतं, तिथे बघावं. मिळेल. आणि मिळाली की घासाच्या कडेवर बोट ठेवून बघावं.

ओली असेल, तर अजून वेळ आहे.